भिंतीपलीकडचा आवाज : कारागृहे आणि सामुदायिक रेडिओ

तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, पत्रांना विलंब लावते आणि भेटीला आलेल्या नातलगांना फाटकाबाहेर ताटकळत ठेवते. रेडिओच्या लहरीला मात्र ती अडवू शकत नाही. या साध्या वस्तुस्थितीच्या आधारावर अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत गेल्या चार-साडेचार दशकांत तुरुंगविषयक नभोवाणीची एक स्वतंत्र परंपरा उभी राहिली. भारतातही अलीकडे काही कारागृहांत रेडिओ सुरू झाले आहेत. या परंपरेचा उगम, तिची कार्यपद्धती, तिच्यावरील आक्षेप आणि आपल्याकडील स्थिती यांचा हा परिचय.

मिलहेव्हनची घंटा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात किंग्स्टन शहराजवळ मिलहेव्हन नावाचे कडेकोट बंदोबस्ताचे कारागृह आहे. १० ऑगस्ट १९७४ रोजी तेथील एकांत कोठडीत एडी नेलन या बंद्याचा मृत्यू झाला. त्याने स्वतःला जखम करून घेतली होती आणि मदत वेळेवर पोहोचली नाही. मृत्यूच्या चौकशीत असे उघड झाले, की पहारेकऱ्यांना बोलावण्यासाठी कोठड्यांत बसवलेली घंटेची बटणे निकामी करून ठेवण्यात आली होती. मे १९७६ मध्ये त्याच विभागात रॉबर्ट लँडर्स हा दुसरा बंदी हृदयविकाराने मरण पावला. तेव्हाही ती बटणे चालत नव्हती.

नेलनच्या पहिल्या स्मृतिदिनी, म्हणजे १० ऑगस्ट १९७५ रोजी, मिलहेव्हनच्या बंद्यांनी काम बंद ठेवून एक दिवस उपवास केला. पुढील वर्षी देशभरातील हजारो बंदी त्यात सामील झाले. तेव्हापासून १० ऑगस्ट हा दिवस 'तुरुंग न्याय दिन' म्हणून पाळला जातो. कोठडीत मरण पावलेल्यांचे स्मरण करणे आणि आतल्या परिस्थितीकडे समाजाचे लक्ष वेधणे, हा त्याचा हेतू होय.

या दिनाचे विशेष कार्यक्रम कॅनडातील सामुदायिक व विद्यापीठीय रेडिओ केंद्रांवरून होऊ लागले. व्हँकुव्हरच्या 'को-ऑप रेडिओ'वर 'स्टार्क रेव्हन' नावाचा तुरुंगविषयक कार्यक्रम अनेक वर्षे चालला. माँट्रियलच्या सीकेयूटी केंद्रानेही असा कार्यक्रम चालवला. किंग्स्टन हे तर तुरुंगांचेच शहर. तेथील जुने मध्यवर्ती कारागृह १८३५ साली उघडले आणि २०१३ मध्ये बंद झाले. आसपास अजूनही अनेक केंद्रीय कारागृहे आहेत. क्वीन्स विद्यापीठाच्या सीएफआरसी या केंद्राच्या लहरी या कारागृहांत सहज पोहोचतात, हे ध्यानात घेऊन त्या केंद्राने कुटुंबीयांचे निरोप आणि बंद्यांनी पत्राने पाठवलेल्या गाण्यांच्या फर्माइशी प्रसारित करण्यास आरंभ केला.

घंटेचे बटण दाबूनही कोणाला ऐकू जात नाही, ही मिलहेव्हनची कहाणी एका कारागृहापुरती राहत नाही. कोंडलेल्या माणसाचे म्हणणे बाहेर पोहोचण्याची व्यवस्था नसेल, तर त्याला झालेली शिक्षा न्यायालयाने सांगितल्याप्रमाणेच भोगवली जात आहे काय, हे समाजाला कळणार कसे? तुरुंगविषयक रेडिओची सारी खटपट या प्रश्नाभोवती फिरते.

तीन प्रकार, तीन दिशा

'तुरुंगाचा रेडिओ' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांतील भेद आधी स्पष्ट करणे इष्ट ठरेल.

पहिला प्रकार म्हणजे बाहेरून आत जाणारा आवाज. कारागृहाच्या परिसरातील सामुदायिक केंद्र आठवड्यातून एकदा खास बंद्यांसाठी प्रक्षेपण करते. घरच्यांचे निरोप, कायद्यातील बदल, पसंतीची गाणी असे त्याचे स्वरूप असते. दुसरा प्रकार आतून बाहेर येणाऱ्या आवाजाचा. येथे बंद्याचे बोलणे दूरध्वनीवरून किंवा प्रत्यक्ष भेटीत ध्वनिमुद्रित केले जाते आणि ते सर्वसाधारण श्रोत्यांना ऐकवले जाते. तिसरा प्रकार आतल्यांनी आतल्यांसाठी चालवलेल्या रेडिओचा. तो प्रशासनाच्या परवानगीने व देखरेखीखाली चालतो आणि बहुधा भिंतीच्या आतच राहतो.

पहिल्या दोन प्रकारांत माइक प्रशासनाच्या हाती नसतो, तिसऱ्यात तो प्रशासनाच्या हाती असतो. पुढील सर्व वादांचे मूळ या फरकात आहे.

रे हिल आणि शुक्रवारची रात्र

पहिल्या प्रकाराचे सर्वांत जुने व दीर्घकाळ चाललेले उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात सापडते. ह्यूस्टन शहरातील केपीएफटी हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या 'पॅसिफिका' या संस्थेचे. ते १९७० साली सुरू झाले आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्याचे प्रक्षेपण यंत्र दोनदा बाँबने उडवले. अशा केंद्रावर १९८० साली 'द प्रिझन शो' हा कार्यक्रम सुरू झाला.

तो सुरू करणारे रे हिल हे स्वतः शिक्षा भोगून आलेले होते. चोऱ्यांच्या गुन्ह्यांत त्यांना कारावास झाला होता व १९७५ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे कार्यकर्ते म्हणून त्यांनी नाव मिळवले. पोलिसांना त्यांच्या कामात शब्दाने हटकणे हाही गुन्हा मानणारा ह्यूस्टन शहराचा एक नियम होता. हिल यांनी त्याला आव्हान दिले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. अधिकाराच्या जागेवरील माणसाला प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला असलेच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. २०१८ मध्ये हिल यांचे निधन झाले. त्यांचा कार्यक्रम त्यापूर्वीच इतरांनी हाती घेतला होता.

कार्यक्रमाची वेळ शुक्रवारी रात्रीची. साधारण पहिला भाग तुरुंग प्रशासन, न्यायालयीन निकाल, राज्याच्या विधिमंडळातील घडामोडी अशा विषयांना दिलेला, तर दुसरा भाग कुटुंबीयांसाठी मोकळा. बायका, मुले, आया दूरध्वनी करीत आणि थेट प्रक्षेपणातून आपल्या माणसाशी बोलत. मुलाचा निकाल लागला, घराचे छप्पर दुरुस्त झाले, येत्या रविवारी भेटीला येणे जमणार नाही, आजीची प्रकृती बरी आहे, असे हे बोलणे असे. आतला माणूस उत्तर देऊ शकत नसे. तो फक्त ऐकत असे.

या एकतर्फी संभाषणाचे मोल कळण्यासाठी त्या काळची टेक्सासमधील व्यवस्था लक्षात घेतली पाहिजे. राज्याच्या कारागृहांतील बंद्यांना २००९ पूर्वी नियमित दूरध्वनीची सोयच नव्हती. वर्तणूक चांगली असेल तर साधारणतः ९० दिवसांतून एकदा, पाच मिनिटांपुरते बोलता येई. २००७ मध्ये राज्याने कायदा करून दूरध्वनी बसवण्याचा निर्णय घेतला व तो दोन वर्षांनी अमलात आला. म्हणजे जवळपास तीन दशके अनेक बंद्यांच्या कानी घरच्या माणसाचा आवाज नियमितपणे पडण्याचा मार्ग शुक्रवारच्या रात्रीचा हा कार्यक्रमच होता. अमेरिकेतील बऱ्याच कारागृहांच्या दुकानांत पारदर्शक प्लॅस्टिकचे छोटे रेडिओ विकत मिळतात. त्यांत काही लपवता येऊ नये म्हणून ते पारदर्शक. कानाला हेडफोन लावून कोठडीत पडल्या पडल्या हा कार्यक्रम ऐकला जाई.

डोंगरमाथ्यावरचे तुरुंग

दुसरे उल्लेखनीय उदाहरण अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन पर्वतरांगेतले आहे. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणींतील रोजगार घटत गेला, तसतसे सरकारने तेथे तुरुंग उभारण्यास सुरुवात केली. रोजगाराचे आश्वासन असल्याने स्थानिकांतील अनेकांनी त्याचे स्वागत केले. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला 'रेड ओनियन' हे अतिकडक बंदोबस्ताचे कारागृह १९९८ मध्ये आणि 'वॉलेन्स रिज' हे १९९९ मध्ये सुरू झाले.

तेथे आणले गेलेले बंदी मुख्यतः दूरच्या शहरांतले होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. काही तर अन्य राज्यांतून पाठवलेले होते. राजधानी रिचमंडहून येथे मोटारीने पोहोचण्यास सहा-सात तास लागतात. ज्या कुटुंबाकडे मोटार नाही, सुटी नाही, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी ही भेट वर्षाकाठी एखादी, किंवा तीही नाही.

शेजारच्या केंटकी राज्यातील व्हाइट्सबर्ग या लहान गावी 'ॲपलशॉप' ही कलासंस्था १९६९ पासून काम करते. तिचे डब्ल्यूएमएमटी हे सामुदायिक केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. या केंद्रावर मुख्यतः पहाडी लोकसंगीत वाजत असे. अमेलिया किर्बी आणि निक झुबेर्ला हे दोघे तेथे हिप-हॉप संगीताचा कार्यक्रम सादर करू लागले, तेव्हा त्यांना अनपेक्षितपणे नव्या कारागृहांतून पत्रे येऊ लागली. पत्रांत गाण्यांची फर्माईश असे, तशीच आतल्या वागणुकीविषयीची तक्रारही असे. या पत्रांमधूनच 'कॉल्स फ्रॉम होम' हा कार्यक्रम जन्माला आला. कुटुंबीयांनी ठरलेल्या संध्याकाळी केंद्राच्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करायचा, निरोप ध्वनिमुद्रित करून घ्यायचा आणि त्याच रात्री तो प्रसारित करायचा, अशी त्याची सोपी पद्धत. नाताळच्या सुमारास या कार्यक्रमाचा विशेष भाग तयार होई व तो देशातील अन्य केंद्रांनाही दिला जाई. किर्बी व झुबेर्ला यांनी २००६ मध्ये 'अप द रिज' हा अनुबोधपटही केला.

या कार्यक्रमाचा परिणाम भिंतीच्या आत झाला तितकाच बाहेरही झाला. केंद्राचे श्रोते म्हणजे आसपासच्या खेड्यांतील लोक. त्यांतील कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी याच कारागृहांत पहारेकरी म्हणून नोकरीला. गाडी चालवताना किंवा रात्रीचे जेवण करताना त्यांच्या कानी सहज पडणारा आवाज एखाद्या सहा वर्षांच्या मुलीचा असे. ती बापाला सांगत असे, की तिचा दात पडला. ज्यांचा केवळ क्रमांक माहीत होता त्यांना घरदार आहे, ही जाणीव अशा रीतीने एका खोऱ्यात पसरली. जुलै २०२२ च्या महापुरात ॲपलशॉपच्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. तरीही केंद्राने पुढे फिरत्या वाहनातून प्रक्षेपण चालू केले.

मिनिटाची किंमत

येथे एक प्रश्न उभा राहतो. दूरध्वनी उपलब्ध असताना रेडिओवरून निरोप देण्याची गरज का भासावी? याचे उत्तर दरांत आहे. अमेरिकेतील कारागृहांत दूरध्वनीची सेवा खासगी कंपन्या देत आणि त्यांच्या उत्पन्नातील वाटा अनेक ठिकाणी कारागृह प्रशासनाला मिळे. त्यामुळे दर कमी ठेवण्यात कोणालाच रस नव्हता. काही राज्यांत १५ मिनिटांच्या परराज्यातील संभाषणास १७ डॉलरपर्यंत खर्च येई.

वॉशिंग्टनमधील मार्था राइट या निवृत्त परिचारिकेने आपल्या तुरुंगातील नातवाशी बोलण्याच्या या खर्चाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २००३ मध्ये प्रकरण संघीय दूरसंचार आयोगाकडे गेले. निर्णयास दहा वर्षे लागली. २०१३ मध्ये आयोगाने आंतरराज्य संभाषणाच्या दराला मिनिटाला २१ ते २५ सेंटची कमाल मर्यादा घातली. श्रीमती राइट २०१५ मध्ये वारल्या. त्यांचे नाव धारण करणारा कायदा जानेवारी २०२३ मध्ये संमत झाला. त्यानुसार २०२४ मध्ये आयोगाने आणखी कमी दर ठरवले, परंतु त्यांची अंमलबजावणी २०२५ मध्ये लांबणीवर टाकण्यात आली. दरम्यान कनेक्टिकट, कॅलिफोर्निया आदी राज्यांनी आपल्या कारागृहांतील दूरध्वनी विनामूल्य केले.

या लढ्यात सामुदायिक केंद्रांचा वाटा मोलाचा होता. निरोप देण्यासाठी फोन करणारी कुटुंबे त्यांच्या ओळखीची झाली होती. कोणाचे महिन्याचे बिल किती येते, त्यासाठी घरातला कोणता खर्च कापावा लागतो, याची माहिती त्यांच्याकडे आपोआप जमा होत गेली. ज्या प्रश्नाला एरवी वाचा फुटली नसती, त्याला साक्षीदार मिळाले.

आवाज कोणाचा, जखम कोणाची?

आतून बाहेर येणाऱ्या आवाजाचा मार्ग अधिक काट्याकुट्यांचा आहे. याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण मुमिया अबू-जमाल यांचे. फिलाडेल्फियातील हे कृष्णवर्णीय पत्रकार. डिसेंबर १९८१ मध्ये डॅनियल फॉकनर या पोलीस अधिकाऱ्याच्या हत्येबद्दल त्यांना १९८२ साली देहदंडाची शिक्षा झाली. आपण निर्दोष असल्याचे ते सांगत आले आहेत. फॉकनर यांचे कुटुंब आणि पोलीस संघटना त्यांच्या दोषित्वाबद्दल तितक्याच ठाम आहेत.

नोएल हॅनराहन यांच्या 'प्रिझन रेडिओ' या प्रकल्पाने अबू-जमाल यांची तुरुंगजीवनावरील लघुभाष्ये ध्वनिमुद्रित केली. १९९४ मध्ये 'नॅशनल पब्लिक रेडिओ' या राष्ट्रीय संस्थेने ती प्रसारित करण्याचे ठरवले आणि पोलीस संघटना व सिनेटर बॉब डोल यांच्या टीकेनंतर आयत्या वेळी रद्द केले. पुढे ही भाष्ये पॅसिफिकाच्या केंद्रांवरून ऐकवली गेली. १९९७ मध्ये 'डेमोक्रसी नाऊ' या कार्यक्रमाने ती घेतली, तेव्हा फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या केंद्राने पॅसिफिकाचे कार्यक्रमच बंद केले. २००१ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांची देहदंडाची शिक्षा रद्द केली व २०११ पासून ते आजन्म कारावास भोगत आहेत.

वादाचे दुसरे पर्व २०१४ चे. एका महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात अबू-जमाल यांचे ध्वनिमुद्रित भाषण ऐकवण्यात आले. त्यावर पेनसिल्व्हेनिया राज्याने तातडीने कायदा केला. गुन्हेगाराच्या वर्तनामुळे पीडिताला पुन्हा मानसिक यातना होत असतील, तर ते वर्तन न्यायालयामार्फत थांबवण्याची तरतूद त्यात होती. एप्रिल २०१५ मध्ये संघीय न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरवला.

निकाल लागला, तरी मूळ प्रश्न मिटत नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घरच्यांनी रेडिओ लावावा आणि दोषी ठरलेल्या माणसाचा आवाज ऐकावा, यात वेदना आहे व ती खरी आहे. तिला दुराग्रह म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर, ज्याला शिक्षा झाली त्याने तोंडच उघडू नये असा नियम केला, तर मिलहेव्हनच्या बटणाविषयी कोण बोलणार? जबाबदार कार्यक्रमांनी या पेचातून काढलेला मार्ग असा, की गुन्ह्याची रसभरीत वर्णने टाळायची, पीडितांचा उल्लेख संयमाने करायचा आणि लक्ष तुरुंगातील वागणूक, न्यायालयीन विलंब, आरोग्य, कुटुंब या विषयांवर ठेवायचे. हा मार्ग सर्वांचे समाधान करत नाही. परंतु मौनापेक्षा तो बरा, हे चार दशकांच्या अनुभवाने दाखवले आहे.

आतल्यांनी आतल्यांसाठी

तिसऱ्या प्रकाराचा आदर्श ब्रिटनने घालून दिला. लंडनजवळील फेल्टम येथील तरुण गुन्हेगारांच्या कारागृहात १९९४ मध्ये, आत्महत्या व स्वतःला इजा करून घेण्याच्या घटनांच्या पार्श्वभूमीवर, रेडिओ सुरू करण्यात आला. कोठडीचे दार बंद झाल्यावर सुरू होणारी रात्र ही तेथील सर्वांत कठीण वेळ. त्या वेळी ओळखीचा आवाज सोबतीला असावा, अशी त्यामागील कल्पना होती. २००६ मध्ये 'प्रिझन रेडिओ असोसिएशन' ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये ब्रिक्स्टन कारागृहात तिचे केंद्र उभे राहिले आणि २००९ पासून 'नॅशनल प्रिझन रेडिओ' ही सेवा कोठड्यांतील दूरचित्रवाणी संचांमार्फत इंग्लंड व वेल्समधील कारागृहांत पोहोचू लागली. तिचे निवेदक व निर्माते म्हणून प्रशिक्षित बंदी काम करतात.

अमेरिकेत टेक्सासच्या पोलन्स्की कारागृहात, जेथे देहदंडाची शिक्षा झालेल्या पुरुषांना ठेवले जाते, 'द टँक' नावाचे अल्पशक्तीचे केंद्र अलीकडच्या काळात सुरू झाले. त्याचा आवाज कारागृहाच्या आवाराबाहेर फारसा जात नाही. दिवसातील बहुतेक सर्व तास एकट्याने काढणाऱ्या या बंद्यांना त्यामुळे एकमेकांचे विचार ऐकता येऊ लागले.

या प्रकाराची मर्यादाही उघड आहे. परवानगी देणारा तीच परवानगी काढून घेऊ शकतो. अन्नाबद्दल, मारहाणीबद्दल किंवा वैद्यकीय हेळसांडीबद्दलची तक्रार अशा माइकवरून होणे अवघड. त्यामुळे मनोधैर्य, शिक्षण व मनोरंजन यांसाठी अंतर्गत रेडिओ उपयुक्त असला, तरी तो न्यायाच्या मागणीचे साधन होईलच असे नाही.

आपल्याकडील स्थिती

तुरुंगातून आलेल्या आवाजाचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून 'गीताप्रवचने' आपल्यापर्यंत पोहोचली. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली.

स्वतंत्र भारतातील या विषयावरील एका महत्त्वाच्या निकालामागेही मराठी पुस्तक आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्यास सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ते पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश दिला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नियमांनी जे निर्बंध घातलेले नाहीत, ते प्रशासनाला आपल्या मर्जीने लादता येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे तिहारमधील सुनील बात्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्यावर ऐतिहासिक निकाल लागला. भिंतीच्या आत घटना संपत नाही, हे तत्त्व या निकालांनी रुजवले.

अंतर्गत रेडिओचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. दिल्लीच्या तिहार कारागृहात २०१३ मध्ये रेडिओ सुरू झाला. पुण्याच्या येरवडा कारागृहातील अंतर्गत रेडिओवर अभिनेते संजय दत्त शिक्षा भोगत असताना निवेदन करीत असत. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांची सुटका झाली. पत्रकारितेच्या प्राध्यापिका वर्तिका नंदा यांच्या 'तिनका तिनका' या उपक्रमातून जुलै २०१९ मध्ये आग्रा जिल्हा कारागृहात आणि २०२१ पासून हरियाणातील पानिपतसह अनेक कारागृहांत रेडिओ सुरू झाले. हे सर्व तिसऱ्या प्रकारातले होत. बरॅकींमध्ये बसवलेल्या ध्वनिवर्धकांवरून ते ऐकले जातात.

कारागृहाबाहेरच्या सामुदायिक केंद्राने बंद्यांसाठी नियमित कार्यक्रम करण्याची परंपरा मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. त्याची कारणे धोरणातही सापडतात. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक केंद्रांची परवानगी २००२ च्या धोरणाने मिळाली व २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांसाठी खुली झाली. आज देशात अशी केंद्रे पाचशेच्या घरात आहेत. परंतु त्यांना स्वतंत्रपणे बातम्या देण्यास मनाई आहे. कारागृहातील एखाद्या घटनेचे वृत्त असे केंद्र देऊ शकत नाही. कायद्याची माहिती, आरोग्य, शिक्षण, कुटुंबीयांचे निरोप यांना मात्र आडकाठी असण्याचे कारण नाही.

गरज किती मोठी आहे, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. क्षमता ४,३६,२६६ जणांची होती. या बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, अशांचीच संख्या चारांत तीन!

यांतील पुष्कळांना स्वतःच्या हक्काची कल्पना नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत वकील मिळण्यास पात्र आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-अ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीसाठी हा काळ एकतृतीयांशावर आला आहे. देहदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले यांना अपवाद आहेत. ही सवलत जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. हा मजकूर मराठीत, साध्या शब्दांत, आठवड्यातून दोनदा कानी पडला, तर 'माझे किती महिने झाले?' हा हिशेब बरॅकीतला प्रत्येक जण मांडू लागेल.

कार्यक्रम उभा करायचा तर

परदेशी अनुभवावरून काही व्यावहारिक बाबी निघतात. कार्यक्रमाचा वार व वेळ कधीही बदलू नये. वाट पाहणाऱ्या माणसाला अनिश्चितता अधिक छळते. बंद्याचे आडनाव, खटल्याचा क्रमांक, घराचा पत्ता प्रसारित करू नये. निरोप आधी ध्वनिमुद्रित करून ऐकावेत, म्हणजे साक्षीदाराला धमकी किंवा सांकेतिक मजकूर जाणार नाही व प्रशासनालाही आक्षेपाला जागा उरणार नाही. मृत्यूची बातमी रेडिओवरून प्रथमच कळवू नये. कायद्याची माहिती जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावी, कारण चुकीच्या सल्ल्याची किंमत ऐकणाऱ्याला कोठडीत मोजावी लागते. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीला निवेदनात सहभागी करून घ्यावे. रे हिल यांच्या कार्यक्रमावर बंद्यांनी विश्वास ठेवला, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

येरवडा, आर्थर रोड, ठाणे ही आपली कारागृहे भर वस्तीत आहेत. पुणे व मुंबई विद्यापीठांची स्वतःची सामुदायिक केंद्रे त्याच शहरांत आहेत. विधी महाविद्यालये, विधी सेवा प्राधिकरण आणि बंद्यांच्या कुटुंबीयांसोबत काम करणाऱ्या संस्थाही आहेत. प्रशासनाने बरॅकीत रेडिओ ऐकण्याची मुभा देणे आणि केंद्राने आठवड्याचा एक तास राखून ठेवणे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

मिलहेव्हनच्या कोठडीतले बटण दाबणाऱ्याचे म्हणणे फार मोठे नव्हते. कोणीतरी यावे, इतकेच होते. ते ऐकू गेले असते, तर १० ऑगस्ट हा कॅनडात इतर दिवसांसारखाच एक दिवस राहिला असता.